हिमायतनगरची मुलं आणि राणीची बाग

नांदेड जिल्ह्यात पैनगंगेच्या अलीकडे आमचं हिमायतनगर आहे. जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात. महाशिवरात्रीला परमेश्वराची यात्रा भरते, इस्लापूरकडे गेलं की सहस्रकुंडाचा धबधबा, किनवटच्या वाटेला सागवान, मोह, पळस. हे ऐकलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, तुमच्या मुलांना बागेची काय गरज? तुम्ही तर रानातच राहता.

रानात कोणी राहत नाही. तालुक्याच्या गावातलं मूल रानात जात नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. त्याला सकाळी शाळेची गाडी घेऊन जाते, दुपारी ते शिकवणीला बसतं आणि संध्याकाळी पाच वाजता मोकळं होतं. तेव्हा त्याला जायला जागा कुठली? शेतात फवारणी चालू असते, बांधाला रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेलं असतं, विहिरीला कठडा नसतो. आई-बाप नेत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, त्यावरून मोटारसायकली सुटतात. पांदणी अरुंद झाल्या, गायरानावर काही ना काही उभं राहिलं. खेड्यातल्या पोराला जे रान होतं ते गेलं आणि शहरातल्या पोराला जी बाग असते ती आली नाही. त्या मधल्या जागेत आमची मुलं वाढत आहेत. बागेत न्यायचं म्हटलं तर सुमारे ऐंशी किलोमीटरवर नांदेड. तिथे विसावा उद्यान आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी ऐंशी किलोमीटर कोण नेणार?

हा विषय माझ्या डोक्यात बरेच दिवस होता. गेल्या हिवाळ्यात बहीण, तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी यांच्यासोबत मुंबईला जाण्याचा योग आला, तेव्हा मी ठरवलं की मुलांना घेऊन राणीच्या बागेत सबंध दिवस घालवायचा आणि ती नेमकं काय करतात ते नीट पाहायचं. आपण त्यांना काय दाखवतो याला फार महत्त्व द्यायचं नाही, ती कुठे थांबतात ते बघायचं. आमच्या स्टेशनावरून नंदिग्राम एक्सप्रेस थेट मुंबईला जाते. रात्रभर नांदेड, परभणी, जालना, मनमाड मागे टाकत ती दुसऱ्या दिवशी पोचवते. राणीची बाग भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुधवारी बंद असते, एवढं जाणाऱ्याने लक्षात ठेवावं.

बागेचं कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय. मराठी घरांत मात्र राणीची बागच. विंदा करंदीकरांच्या बालकवितांच्या पुस्तकाचं नावही तेच, 1961 सालचं. ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया. 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते बाग उघडली, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स होतं. त्याआधी शेती आणि बागायतीचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली आणि झाडांना नवी जागा शोधावी लागली. डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि डॉ. भाऊ दाजी लाड या दोघांनी बाग आणि तिच्या शेजारचं वस्तुसंग्रहालय या दोन्हींसाठी झटून काम केलं. दोघेही पेशाने डॉक्टर. दाटीच्या, रोगट शहराला मोकळी हवा आणि झाडं लागतात हे डॉक्टरांना वेगळं सांगावं लागत नव्हतं. संग्रहालय 1872 मध्ये लोकांसाठी उघडलं. आज ते भाऊ दाजी लाड यांच्याच नावाने ओळखलं जातं.

म्हणजे ही जागा मुळात झाडांची आहे. प्राणी नंतर आले. ही गोष्ट आज मुंबईतल्याही बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. पन्नास एकरांहून मोठ्या या आवारात तीन हजारांवर झाडं आहेत, त्यांच्या जाती पावणेतीनशेच्या पुढे जातात. मुंबई बेटावर एवढ्या जातींचे जुने वृक्ष एका कुंपणात दुसरीकडे मिळणं कठीण.

आत शिरल्यावर मुलगा पहिल्यांदा थांबला तो गोरखचिंचेपाशी. आफ्रिकेतलं हे झाड अरब व्यापाऱ्यांच्या हाताने आपल्या किनाऱ्यावर आलं असं मानतात. हिवाळ्यात त्याची पानं झडलेली असतात. अवाढव्य फुगीर खोड आणि वर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. मुलाने मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मामा, ह्याची मुळं वर कशी काय हायत? उलटं लावलंय का?" आफ्रिकेत या झाडाबद्दल अगदी हीच कथा सांगतात, की देवाने रागाने उपटून ते उलटं रोवलं. त्या कथेचं नावही न ऐकलेल्या हिमायतनगरच्या पोराला झाडाकडे बघून तेच सुचलं. नंतर दोघा बहीण-भावांनी हात पसरून खोडाला कवेत घ्यायचा प्रयत्न केला. त्यांचे हात पुरेनात म्हणून आईला बोलावलं, मला बोलावलं. आजूबाजूच्या दोन अनोळखी मुलांनीही हात लावला. तेवढ्यात त्यांची ओळख झाली.

प्राणी बघायला निघालेल्या गर्दीचा लोंढा या झाडापाशी थांबत नाही. मोठी माणसं मुलांचा हात धरून ओढतात. "चल, पुढे वाघ आहे." मला हे पाहून वाईट वाटतं. मूल थांबलं म्हणजे त्याला तिथे काहीतरी सापडलं आहे. त्याला तिथून हलवायची घाई कशासाठी?

धाकटी कैलासपतीच्या झाडाखाली रमली. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा वृक्ष. फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडातून निघालेल्या लोंबत्या काड्यांवर येतात आणि फळं तोफगोळ्यांसारखी गोल, जड. फुलाच्या आत पिंडीसारखा भाग आणि त्यावर नागफणीसारखा झुकलेला पुंकेसरांचा गुच्छ. मी काही सांगण्याआधीच तिने खाली पडलेलं फूल उचललं, आत पाहिलं आणि हात जोडले. महाशिवरात्रीच्या यात्रेतून फिरलेली मुलगी ती, तिला पिंडी कुठेही ओळखू येते. मग तिला वास हवा झाला, पाकळी चुरडून बघायची झाली, फळ पडलं तर डोकं फुटेल का हे विचारायचं झालं. फुटू शकतं, म्हणून अशा झाडाखाली फार वेळ उभं राहू नये, हेही तिला सांगितलं. भीतीची माहितीही मुलांना आवडते, फक्त खरी असली पाहिजे.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती उभा आहे. माझ्या मते सबंध बागेत लहान मुलांसाठी याच्याइतकी चांगली गोष्ट नाही. हा घारापुरीचा हत्ती. एका अखंड कातळातून कोरलेला, घारापुरीच्या किनाऱ्याजवळ उभा असायचा. त्याला पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली, हत्ती कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले आणि ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. शेवटी 1914 मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नीट पाहिलं तर जोडाच्या रेषा दिसतात.

ही गोष्ट मुलाने तीनदा सांगायला लावली. प्रत्येक वेळी त्याला नवा प्रश्न पडला. तुटला तेव्हा कोणाला लागलं का? तुकडे उचलले कसे? कोणता तुकडा कुठला हे कळलं कसं? आणि शेवटी, ज्यांनी तोडला त्यांना शिक्षा झाली का? इतिहासाचं पुस्तक हाती येण्याच्या आधीच त्याच्यापुढे इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न येऊन उभा राहिला होता. जवळच सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आहे. फोर्टमधल्या काळा घोडा चौकाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो हाच. 1965 मध्ये तिथून हलवून इथे आणला. चौकाला अजूनही त्याचंच नाव आहे. मुलांना घोडा आवडला, राजाकडे कोणी पाहिलं नाही.

पेंग्विनबद्दल थोडक्यात सांगतो. 2016 मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, मार्च 2017 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. हा पक्षी पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा, थंड सागरी प्रवाहाच्या आसऱ्याने राहणारा. गार केलेल्या खोलीत काचेपलीकडे तो पोहतो. मुलं खूश झाली, रांग मागून ढकलत होती म्हणून लवकरच पुढे सरकली. 2017 च्याच ऑगस्टमध्ये बागेचं प्रवेशशुल्क मोठ्यांसाठी पाच रुपयांवरून पन्नास झालं, लहानांसाठी पंचवीस, आणि आई-वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर. राखणीचा खर्च असतो हे मान्य. तरीही पाच रुपयांत रोज येऊ शकणारं भायखळ्याच्या चाळीतलं मूल आणि वर्षातून एकदा शंभर रुपये काढून आणलं जाणारं मूल यांच्यात मोठं अंतर पडतं. बाग वरचेवर जाण्याची गोष्ट आहे. एकदा जाऊन येण्याने ती मुलाची होत नाही.

वाघापाशी मात्र आमची मंडळी खिळली. इथे मला एक गोष्ट सांगता आली. फेब्रुवारी 2020 मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी इथे आणली ती आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून. "म्हंजे ह्ये आपल्याकडचे?" मुलाने विचारलं. मग त्याने आपल्या मनाने टिपेश्वरचा विषय काढला. आमच्या भागात वाघाच्या गोष्टी मुलांच्या कानावर असतातच. 2019 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला गळ्यात पट्टा लावलेला एक तरुण वाघ जागा आणि जोडीदार शोधत निघाला. तो तेलंगणात गेला, परत फिरला, पैनगंगा अभयारण्यातून पुढे होत तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कापसाच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून, नदी-नाल्यांतून, महामार्ग ओलांडून. मुलाने पिंजऱ्यातला वाघ पाहत ती गोष्ट आपल्या बहिणीला सांगितली. काचेपुढे उभ्या असलेल्या मुंबईच्या मुलांनीही कान दिला. त्या दिवशी मला सगळ्यात समाधान देणारा क्षण तो होता. गावाकडचं मूल शहरात नेहमी बघणारं असतं, त्या वेळी ते सांगणारं झालं.

दुपारी एका मोठ्या झाडाखाली डबा सोडला. जेवण झाल्यावर दोघं मातीत बसली. दोन काड्या, काही वाळकी पानं, एक शेंग आणि मुंग्यांची रांग, एवढ्यावर बराच वेळ गेला. खार आली की श्वास रोखायचा, गेली की हसायचं. वाघ, पेंग्विन, हत्ती मिळून जेवढा वेळ झाला नसेल तेवढा या मातीत झाला. बहीण म्हणाली, "हे तर घरी पण मिळालं असतं." मग आम्ही दोघंही गप्प झालो, कारण घरी ते मिळत नाही. घरासमोर पेव्हर ब्लॉक आहेत.

ही माती, ही सावली तिथे टिकली कशी, याचीही हकिगत आहे. 2007 च्या सुमारास या बागेचं आंतरराष्ट्रीय धाटणीच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याची मोठी योजना पुढे आली. त्यात जुनी झाडं आणि बागेची मूळ आखणी जाईल, हे ओळखून काही नागरिक उभे राहिले. हुतोक्षी रुस्तमफ्राम, शुभदा निखार्गे आणि त्यांच्या सहकारी महिलांनी 'सेव्ह राणीबाग'च्या नावाने झाडन्‌झाड नोंदवलं, कागद गोळा केले, वारसा समितीपर्यंत गेल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मूळ योजना तशीच्या तशी पुढे जाऊ शकली नाही. पुढे त्यांनी बागेच्या दीडशे वर्षांवर पुस्तकही काढलं. राणीच्या बागेत आज कोणाचंही मूल ज्या सावलीत बसतं, त्या सावलीत या बायकांची मेहनत आहे. त्यांच्या हातात सत्ता नव्हती. झाडांची यादी होती.

लहान मुलांचं शिक्षण मोकळ्या जागेत होतं हे आपल्याकडे बाहेरून शिकून घ्यावं लागलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी पाड्यांतली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं झाडाखाली पानं-दगड मोजतायत, शिकतायत. त्यांच्याकडे खेळण्यांचा पैसा नव्हता म्हणून त्यांनी पानं-बिया-शिंपले वापरले, आणि त्यातून महाराष्ट्राच्या बालशिक्षणाला दिशा मिळाली. मुलांना बाहेर सोडण्याचा फायदा आता डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज चाळीस मिनिटं जास्त बाहेर खेळवलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनी बाहेर खेळलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष आला, इतर मुलांत हे प्रमाण चाळीस टक्क्यांजवळ होतं. मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा चाळीस मिनिटं उजेडात सोडणं सोपं आहे. सोडायला जागा मात्र हवी.

आणि जागा आहे. मला हिमायतनगरच्या, भोकर-हदगाव-किनवटच्या, उदगीर-अहमदपूर-निलंग्याच्या वाचकांना कळकळीने सांगायचं आहे ते हेच. राणीच्या बागेसारखे पन्नास एकर आपल्याकडे कोणी देणार नाही, आणि त्याची गरजही नाही. गावाच्या चारी बाजूंना शेतं एन.ए. होऊन प्लॉट पडत आहेत. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, जी 2020 च्या डिसेंबरात लागू झाली, 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. 4000 चौरस मीटर म्हणजे जवळपास एक एकर. एकराला चार गुंठे. दहा एकरांच्या ले-आऊटला एक एकर. ही जागा तिथल्या सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. प्लॉट घेताना आपण रस्ता किती फुटी, पाण्याची सोय काय, मंदिर जवळ आहे का, हे विचारतो. ओपन स्पेस कुठे आहे हे क्वचितच कोणी विचारतं. मग ती जागा कोणाच्या तरी वाळू-गिट्टीच्या ढिगाखाली, कोणाच्या गोठ्याखाली जाते, नाहीतर तिथे वेड्या बाभळी माजतात आणि लोक कचरा टाकतात.

आणि जिथे बाग होते तिथे काय होतं? फाटक, पेव्हर ब्लॉक, ओपन जिमची यंत्रं, सिमेंटचा जिराफ, नावांची मोठी कोनशिला. उन्हाळ्यात त्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. लोखंडी घसरगुंडी दुपारी तापते, मुलं तिच्याजवळ जात नाहीत. निधी खर्च होतो, सावली होत नाही. मुलांना बागेत काय लागतं ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मिठी मारता येईल असं खोड. खाली पडलेलं फूल किंवा फळ, जे उचललं तर कोणी ओरडत नाही. उघडी माती. पाण्याचा नळ. आजी-आजोबांना टेकायला पार. आणि एक गोष्ट सांगता येईल अशी जुनी वस्तू, ती मोडकी असली तरी चालेल. आपल्या गावागावांत जुनी जाती, उखळं, वीरगळ, बारवेचे निखळलेले दगड पडलेले असतात. तसं एखादं दगडी जातं बागेत आणून ठेवलं, तर आज्या तिथे बसून नातवंडांना दळणाच्या गोष्टी सांगतील. वीरगळ आणि बारवेचे दगड आहेत त्या जागीच जपावेत आणि मुलांना तिथे घेऊन जावं.

झाडं बाहेरून आणायची गरज नाही. कडुनिंब, चिंच, जांभूळ, उंबर, करंज, बहावा, पळस, मोह. बोर आणि आवळा मुलांसाठी मुद्दाम. चार गुंठ्यांत आठ-दहा मोठी झाडं नीट वाढतात. पहिले तीन उन्हाळे पाणी घालावं लागेल, शेळ्यांपासून राखावं लागेल. आमच्याकडच्या मे महिन्यात हे सोपं नाही, म्हणून रहिवाशांनी पाळ्या लावून घ्याव्यात आणि प्रत्येक झाड एकेका घराच्या नावावर करावं.

यंदाच्या दिवाळीत पाहुणे येतील, सगळे घरी असतील. एखाद्या सकाळी मुलांना घेऊन आपल्या ले-आऊटमधली मोकळी जागा शोधायला जा. सापडली नाही तर नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा. तोंडी मागून मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात लेखी अर्ज करा. नकाशावर ती जागा हिरव्या रंगात किंवा ओपन स्पेस अशा अक्षरात दाखवलेली असते. प्लॉटधारकांच्या सह्या घ्या, जागा मोजून घ्या, तारेचं साधं कुंपण करा आणि खड्डे उन्हाळ्यातच खोदून ठेवा. रोपं वन विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. मृगाचा पाऊस झाला की लावा.